ज्यांची नावं ठाऊक नाहीत



मागच्या महिन्यात एका गटाचं जुनं प्रोसिडिंग चाळत बसले होते. एका ताईला दाखवायचं होतं की ती गटात पहिल्यापासून आहे, मध्येच घुसलेली नाही. मी म्हटलं, काळजी करू नका, वहीत सापडेल. सापडली ती ओळ अशी: अध्यक्षांचं नाव, सचिवांचं नाव, आणि पुढे 'व इतर ९ महिला उपस्थित'. अंगठे होते, पण कुठला कुणाचा ते लिहिलेलं नव्हतं. अक्षर माझंच. शेवटची एसटी गाठायची म्हणून घाईत लिहिलेलं असणार. ती ताई काही बोलली नाही, नुसती वहीकडे बघत राहिली. त्यापेक्षा भांडली असती तर बरं झालं असतं.

त्या रात्री मला सनोरा बॅब या अमेरिकन बाईची आठवण झाली. तिची कादंबरी मी दोन वर्षांपूर्वी मोबाइलवर शब्दांचे अर्थ बघत बघत वाचली होती. तिचं इंग्रजी नाव 'हूज नेम्स आर अननोन', म्हणजे 'ज्यांची नावं ठाऊक नाहीत'. हे नाव तिने जप्तीच्या नोटिशीतून उचललं. शेत किंवा घर रिकामं करायला लावताना तिकडे नोटिशीवर माणसाचं खरं नाव न घालता एखादं ठोकळेवजा नाव घालत आणि पुढे लिहीत, यांची खरी नावं माहीत नाहीत. ज्या माणसाला घराबाहेर काढायचं त्याचं नाव विचारायचेही कष्ट नाहीत. आजचं बोलणं या पुस्तकाबद्दल, त्याच्या जोडीने आलेल्या दुसऱ्या फार गाजलेल्या पुस्तकाबद्दल, आणि ज्या काळात ती दोन्ही लिहिली गेली त्याबद्दल आहे.

अमेरिका म्हटलं की आपल्या डोळ्यापुढे पैसाच येतो. पण तिथल्या कादंबरीकारांनी पैसा बुडण्याच्या गोष्टी भरपूर लिहिल्यात. फ्रँक नॉरिसने १९०१ साली 'द ऑक्टोपस' लिहिली, कॅलिफोर्नियातले गहू पिकवणारे शेतकरी आणि रेल्वे कंपनी यांच्या झगड्यावर. अप्टन सिंक्लेअरची 'द जंगल' १९०६ साली आली, शिकागोच्या मांस कारखान्यांतल्या मजुरांवर. ती वाचून लोक इतके हबकले की त्याच वर्षी खाण्याच्या वस्तूंतल्या भेसळीविरुद्ध कायदा झाला. अशी बरीच पुस्तकं आहेत. आज मात्र मी १९३० च्या दशकावरच थांबणार आहे, कारण ती गोष्ट जमिनीची, कर्जाची आणि बायकांची आहे.

सुरुवात गव्हापासून. अमेरिकेच्या मधोमध मैलोन्‌मैल सपाट माळरान आहे. कॅन्ससचा पश्चिम भाग, कोलोरॅडोचा पूर्व भाग, टेक्ससचं वरचं टोक, आणि ओक्लाहोमाची एक निमुळती पट्टी, जिला तिकडे तव्याचा दांडा म्हणतात. पाऊस मुळातच कमी, वारा सतत. या मातीला हजारो वर्षं धरून ठेवलं होतं ते गवताच्या मुळांनी. पहिलं महायुद्ध सुरू झालं आणि युरोपला गहू कमी पडू लागला. गव्हाचा भाव बुशेलला दोन डॉलरच्या वर गेला. बुशेल म्हणजे साधारण २७ किलो. सरकारनेच हाक दिली की गहू पिकवा, युद्ध जिंका. मग काय, जो तो गवत नांगरायला लागला. ट्रॅक्टर आले, ते हप्त्यावर मिळू लागले. शहरातले शिक्षक, दुकानदारसुद्धा जमीन घ्यायचे, पेरायला यायचे आणि पुन्हा कापणीलाच उगवायचे. त्यांना गावकरी सुटकेसवाले शेतकरी म्हणायचे. १९२५ ते १९३० या पाच वर्षांत त्या दक्षिणेकडच्या माळावर ५० लाख एकरांहून जास्त गवत उलथून टाकलं गेलं.

याला हाव म्हणायचं की उमेद? मला वाटतं, सुटकेसवाल्याची ती हाव होती. पण ज्याच्याकडे १६० एकर कोरडवाहू आणि चार पोरं, तो एक हंगाम साधला की कर्ज फिटेल म्हणून आणखी एक तुकडा नांगरतो, त्याला हावरट म्हणायला माझी जीभ रेटत नाही. आपण त्याच हिशेबावर बोअर मारतो. भाव पडला की तोच शेतकरी तूट भरून काढायला आणखी जास्त पेरतो, आणि सगळ्यांनी जास्त पेरलं की भाव आणखी पडतो. तिथेही तसंच झालं. १९२९ च्या ऑक्टोबरात न्यूयॉर्कचा शेअर बाजार कोसळला. पुढच्या दोनतीन वर्षांत गव्हाचा भाव बुशेलला ४० सेंटच्याही खाली आला, म्हणजे दोन डॉलरचा पाचवा हिस्सासुद्धा राहिला नाही. १९३० ते १९३३ मध्ये अमेरिकेत सुमारे ९००० बँका बुडाल्या. ठेवलेले पैसे गेले आणि घेतलेलं कर्ज मात्र राहिलं. बँक बुडाली म्हणून कर्ज बुडत नाही, ते दुसऱ्या कुणाच्या तरी हातात जातं.

आणि मग पाऊस थांबला. गवत आधीच गेलेलं, पीक उगवेना, उघडी माती वाऱ्यावर उठली. १९३४ च्या मे महिन्यात एका वादळाने ही माती शिकागो, न्यूयॉर्कपर्यंत नेली, समुद्रातल्या जहाजांवरसुद्धा धूळ पडली. सगळ्यांत भयंकर दिवस होता १४ एप्रिल १९३५, रविवार. सकाळी ऊन पडलेलं, लोकांनी कित्येक दिवसांनी कपडे वाळत घातले होते. दुपारी क्षितिजावरून काळी भिंत चालत आली. हातावरचं दिसेना. जग संपलं असं समजून लोक प्रार्थना करायला बसले. दुसऱ्या दिवशी एका बातमीदाराने त्या प्रदेशाला 'डस्ट बोल' म्हटलं, धुळीचं वाडगं, आणि तेच नाव राहिलं.

घरातल्या बाईसाठी याचा अर्थ काय होता? खिडक्यांना ओल्या चादरी लावायच्या, तासाभरात त्या चिखल होतात. ताटं पालथी मांडायची, वाढायच्या क्षणीच उलटी करायची. पाण्याचं भांडं, दुधाचं भांडं झाकायचं, तरी तळाशी माती. रात्री झोपलेल्या पोरांच्या नाकातोंडावर ओलं फडकं. मुलं आणि म्हातारी माणसं धुळीच्या न्यूमोनियाने दगावली. घरातून फावड्याने माती काढायची आणि संध्याकाळी पुन्हा तेवढीच काढायची. पोपडे निघालेल्या मातीच्या घरात ज्यांनी मे महिना काढलाय त्यांना हे नुसतं ऐकूनच खोकला येईल.

इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. जप्त्या सुरू झाल्या तेव्हा नेब्रास्का, आयोवा या भागांत गावकऱ्यांनी एक युक्ती काढली. शेतकऱ्याची गुरंढोरं, अवजारं लिलावाला निघाली की सगळं गाव जमायचं. गाय पुकारली की कुणीतरी दहा सेंट बोलायचा, पुढे कुणीच बोलत नसे. नांगर पाच सेंट. सगळा संसार दोनचार डॉलरमध्ये विकला जायचा आणि घेणारे ते सगळं त्याच मालकाला परत द्यायचे. बाहेरचा कुणी खरी बोली लावायला आला तर शेजारी त्याच्याभोवती गोळा होऊन गप्प उभे राहायचे. कधी गोठ्याच्या आढ्याला दोरीचा फासही टांगलेला असे, समजणाऱ्याला पुरेसा. त्याला पेनी ऑक्शन म्हणत. आपल्याकडे १८७५ साली सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांची खतं जाळली, हे शाळेत वाचलंय. तिथल्यांनी कागद जाळले नाहीत, नुसतं तोंड बंद ठेवलं. दरवेळी जमलं असं नाही, पण काही ठिकाणी जमलं.

जिथे जमलं नाही तिथले लोक निघाले. त्या दशकात माळरानाच्या राज्यांतून सुमारे २५ लाख लोक बाहेर पडले असं सांगतात. त्यांतले दोन लाखांच्या आसपास कॅलिफोर्नियाला गेले, मोडक्या गाड्यांवर गाद्या बांधून. तिथे फळबागा होत्या, कापूस होता, आणि मजूर हवेत अशी जाहिरातपत्रकं वाटली होती. पत्रकं गरजेपेक्षा कितीतरी जास्त छापलेली, म्हणजे एका कामाला चार जण उभे राहतील आणि मजुरी आपोआप खाली येईल. लोक कालव्याच्या कडेला पालं ठोकून राहिले. आपल्या ऊसतोड बायकांच्या कोप्या ज्यांनी पाहिल्यात त्यांना चित्र रंगवून सांगायला नको.

या लोकांवर जॉन स्टाइनबेक या लेखकाने 'द ग्रेप्स ऑफ रॅथ' लिहिली. १४ एप्रिल १९३९ ला ती बाजारात आली, त्या काळ्या रविवारनंतर बरोबर चार वर्षांनी. वर्षभरात चार लाखांवर प्रती खपल्या. १९४० साली तिला पुलित्झर पारितोषिक मिळालं, त्यावर सिनेमा निघाला, पुढे १९६२ साली स्टाइनबेकला नोबेल मिळालं. कॅलिफोर्नियाच्या एका जिल्ह्याने ती वाचनालयांतून काढून टाकली, कारण तिथल्या बागायतदारांची त्यात बरी शोभा केली होती.

ती गोष्ट जोड कुटुंबाची, दुसऱ्याची जमीन वाट्याने करणाऱ्या कुळांची. मालक माणसं पाठवतो की जागा सोडा, आता ट्रॅक्टर येणार. मालक म्हणतो बँकेने सांगितलं, बँकवाला म्हणतो वरून हुकूम आला. कूळ विचारतं, मग मी बंदूक रोखायची तरी कुणावर? ट्रॅक्टर चालवणारा पोरगा तर शेजारच्याच घरातला, दिवसाच्या तीन डॉलरसाठी आलेला. हे वाचून मी पुस्तक खाली ठेवलं होतं. वसुलीला येणारा पोरगा आपल्याच भावकीतला निघतो तेव्हा काय होतं, हे आपल्यातल्या कितीजणींना माहीत आहे.

त्यातली आई, म्हणजे मा जोड, वाचायलाच हवी. घर सोडायच्या रात्री ती एक खोका काढते. त्यात जुनी पत्रं, कात्रणं, फोटो आणि थोडे दागदागिने असतात. ती बघत बसते, दोनचार किडुकमिडुक वस्तू काढून घेते आणि खोका चुलीत घालते. पुढे वाटेत पुरुष कुटुंब दोन गाड्यांत विभागायचं ठरवतात तेव्हा हीच बाई लोखंडी पहार घेऊन नवऱ्यासमोर उभी राहते की कुटुंब फुटणार नाही. नवरा गप्प बसतो.

मला सगळ्यांत आवडलेला भाग मात्र सरकारी छावणीतला आहे. अशा छावण्या खरोखर होत्या. आर्विनची छावणी प्रसिद्ध, तिथला व्यवस्थापक टॉम कॉलिन्स. राहणारे लोक आपली समिती निवडून द्यायचे आणि छावणी तेच चालवायचे. कादंबरीत बायकांची समिती आहे. एकदा संडासातला कागद फार संपतो म्हणून समितीच्या बाया चौकशी करतात. एक बाई रडकुंडीला येऊन पुढे होते. तिच्या पाच मुलींची पोटं बिघडलीत, कारण घरात काही नाही म्हणून त्या कच्ची द्राक्षं खातायत. समितीची प्रमुख म्हणते, अगं मग बोलली का नाहीस? दुकानात छावणीची २० डॉलरची पत आहे, त्यातलं पाच डॉलरचं सामान आण, काम लागलं की समितीला फेड. ती बाई म्हणते, आम्ही कधी भीक घेतली नाही. प्रमुख बाई चिडते. ही भीक नव्हे, हे आपलंच आहे, असं तिला खडसावते. सख्यांनो, ही १९३९ साली छापलेली गोष्ट आहे. आपण याला अंतर्गत कर्ज म्हणतो आणि आपल्याला वाटतं की ते आपल्या काळात कुणीतरी शोधून काढलं. आणि संडासाच्या कागदावरून सुरू झालेली मीटिंग उपाशी पोरांवर येऊन थांबते, हेही आपल्या मीटिंगसारखंच. वरचा विषय एक असतो, खालचा दुसराच निघतो.

पुस्तकाच्या पहिल्या पानावर स्टाइनबेकने दोन जणांना ते अर्पण केलंय. एक त्याची बायको कॅरल, जिने हस्तलिखित टाइप केलं आणि पुस्तकाला नावही सुचवलं. दुसरा टॉम, म्हणजे तो छावणीचा व्यवस्थापक. कॉलिन्स आपल्या छावणीतल्या लोकांबद्दल बारकाईने अहवाल लिहायचा, आणि स्टाइनबेकला त्यांचा मोठा उपयोग झाला होता.

आता सनोराकडे येते.

तिचा जन्म १९०७ चा, ओक्लाहोमातला. लहानपणी वडील सगळ्यांना घेऊन कोलोरॅडोच्या माळावर आजोबांकडे गेले. तिथे ते झाडूचं पीक घ्यायचे. ज्वारीच्याच जातीचं ते झाड, त्याच्या कणसाच्या लांब काड्यांचे झाडू बनतात. घर म्हणजे जमिनीत खणलेली एक खोली. भिंतींना वर्तमानपत्रं चिकटवलेली, आणि पोरगी वाचायला शिकली ती त्या भिंतींवरून. शाळेत पाऊल पडलं तेव्हा ती ११ वर्षांची होती, तरी पुढे हायस्कूलला पहिली आली. १९२९ साली वर्तमानपत्रातली नोकरी ठरली म्हणून लॉस एंजेलिसला गेली. तेवढ्यात बाजार कोसळला आणि नोकरी हवेत गेली. काही रात्री तिने तिथल्या एका बागेत झोपून काढल्या. महत्त्वाकांक्षेची गोष्ट सांगताना लोक शिखर सांगतात, मला ही बागेतली बाकं जास्त खरी वाटतात.

१९३८ साली ती सरकारच्या शेती खात्यामार्फत टॉम कॉलिन्सच्या हाताखाली काम करू लागली. पालापालांतून फिरायचं, लोकांना सांगायचं की मदत मिळते, छावणीत जागा आहे, समिती कशी करायची. आपल्या सीआरपी ताई करतात तसंच काम समजा. ती त्यांच्यातलीच होती. तिच्या आईनेही धुळीचे हाल सोसले होते. त्यामुळे लोक तिच्याशी बोलायचे, आणि ती रोज रात्री लिहायची. तिची बहीण डोरोथी हिने याच लोकांचे फोटो काढले. लिहिता लिहिता सनोराची कादंबरी आकाराला आली.

कॉलिन्सने तिच्याकडून ही टिपणं मागून घेतली आणि स्टाइनबेकला दिली. आपल्याकडून नेली ती सरकारी कामासाठी, असं तिला वाटलं असेल, नसेल. स्टाइनबेकने त्यातलं किती घेतलं यावर अभ्यासक अजून वाद घालतात. तो स्वतः १९३६ पासून त्या छावण्यांत फिरत होता, लेख लिहीत होता, हेही खरं. मी दोन्ही पुस्तकं वाचली, आणि मला तो चोर वाटत नाही. त्याचं पुस्तक त्याचंच आहे. माझा राग वेगळ्या ठिकाणी आहे.

सनोराने आपली प्रकरणं न्यूयॉर्कच्या रँडम हाउस या मोठ्या प्रकाशन संस्थेला पाठवली. तिथल्या बेनेट सर्फ यांना ती आवडली. त्यांनी तिला आगाऊ पैसे दिले, पुस्तक पुरं करायला न्यूयॉर्कला बोलावलं. ती लिहीत असतानाच स्टाइनबेकचं पुस्तक आलं आणि देशभर गाजलं. सर्फ यांनी कळवलं की लिखाण चांगलं आहे, पण याच विषयावर आता दुसरं पुस्तक चालणार नाही. दुसऱ्या प्रकाशकांनीही तेच म्हटलं. एका बाजारात दोन किराणा दुकानं चालतात, कापडाची दहा चालतात, पण लाखो माणसांच्या उद्ध्वस्त होण्यावर दोन पुस्तकं चालत नाहीत!

तिने हस्तलिखित ठेवून दिलं. ती लिहायची थांबली नाही. १९५८ मध्ये एक कादंबरी, १९७० मध्ये बालपणाच्या आठवणी, मधूनमधून कथा आणि कविता असं येत राहिलं. तिचं सहजीवन जेम्स वाँग हाव या चिनी वंशाच्या नामवंत छायाचित्रकाराशी होतं, पण कॅलिफोर्नियात गोऱ्या बाईने चिनी माणसाशी लग्न करणं १९४८ पर्यंत बेकायदा होतं, त्यामुळे कायद्याने नवराबायको व्हायलाही तिला वर्षानुवर्षं थांबावं लागलं. ती पहिली कादंबरी अखेर ओक्लाहोमाच्या विद्यापीठाने छापली, २००४ साली. मध्ये ६५ वर्षं गेली होती. लिहिली तेव्हा ती चालू काळाची गोष्ट होती, छापून आली तेव्हा ऐतिहासिक कादंबरी झाली होती. लेखिका ९७ वर्षांची होती. ३१ डिसेंबर २००५ ला ती वारली, म्हणजे पुस्तक हातात धरायला तिला वर्षदीड वर्ष मिळालं.

आणि पुस्तक कसं आहे? स्टाइनबेकसारखं मोठ्या आवाजाचं नाही. त्याच्याकडे वर्णनांचे डोंगर आहेत, बायबलसारखी वाक्यं आहेत. सनोराचं साधं आहे, कधीकधी फारच साधं, मधल्या काही पानांत तर मला कंटाळाही आला. पण एक फरक आहे. स्टाइनबेकची कुळं ओक्लाहोमाच्या पूर्वेकडची, आणि खरं धुळीचं वाडगं होतं पश्चिमेच्या पट्टीत. सनोराचं डन कुटुंब त्या पट्टीतलंच आहे. मिल्ट, त्याची बायको ज्युलिया, दोन मुली आणि म्हातारा. ते झाडूचं पीक घेतात, भाव मिळत नाही, उधारी वाढते. गोष्टीचा जवळजवळ अर्धा भाग घर सोडण्याआधीचा आहे. ही माणसं आळशी नव्हती, बुद्दू नव्हती, त्यांनी काय काय करून बघितलं, हे त्यात दिसतं. कॅलिफोर्नियात गेल्यावर तीच माणसं कापसाच्या शेतात संपाला उभी राहतात.

आणि ज्युलिया लिहिते. धुळीच्या दिवसांत ती रोज चारदोन ओळींची नोंद ठेवते. आज वारा किती, खिडक्यांना काय लावलं, कोण आजारी, किती वेळा झाडलं. कोरड्या नोंदी, आपल्या दुधाच्या वहीसारख्या. एकामागे एक वाचत गेलं की घसा कोरडा पडतो. सनोराला या नोंदी कुठून मिळाल्या? तिच्या आईने पत्रांतून धुळीच्या दिवसांचे हाल कळवले होते, त्यांच्यावरून. मा जोड पत्रं चुलीत घालते, ज्युलिया लिहीत राहते. दोन्ही बायका खऱ्या वाटतात. एक मात्र पुरुषाने बाहेरून पाहिलेली आहे, आणि दुसरीच्या मागे एका आईची पत्रं आहेत.

त्याच काळातला एक फोटो तुम्ही पाहिला असेल, शाळेच्या पुस्तकात किंवा मोबाइलवर. पालात बसलेली एक बाई, हात गालाला, खांद्यांवर दोन पोरं तोंड लपवून, कपाळावर आठ्या. १९३६ च्या मार्चमध्ये डोरोथिया लँग हिने सरकारसाठी तो काढला, कॅलिफोर्नियात, वाटाणा तोडणाऱ्यांच्या तळावर. मजूर आई म्हणून तो जगभर गेला. फोटो काढणारीने नाव विचारलं नव्हतं. ४२ वर्षांनी, १९७८ मध्ये, कळलं की ती फ्लॉरेन्स थॉम्पसन, आणि मूळची चेरोकी आदिवासी. तिला त्या फोटोचा एक पैसा मिळाला नव्हता, आणि आपला फोटो काढू द्यायला नको होता असं तिला वाटत होतं.

हे वाचताना मला आमचंच आठवलं. एका कार्यालयाच्या गुळगुळीत कागदावरच्या अहवालात आमच्या गटातल्या एका बाईचा फोटो छापून आला होता, शेवयांचं यंत्र चालवताना. खाली लिहिलं होतं, 'लाभार्थी महिला'. माहिती मीच दिली होती, नावासकट, कर्ज किती, फेड किती, सगळं. तिने तो कागद घरात लावला नाही. मी तेव्हा त्या कार्यालयाला मनातल्या मनात बरंच बोलले. पण वहीतली 'इतर ९' ही माझीच ओळ.

म्हणून मागच्या आठवड्यात आम्ही चौघी त्या गटाची वही घेऊन बसलो. जुन्या बचतीच्या पासबुकांवरून, हप्त्यांच्या तारखांवरून, आणि त्या दिवशी कुणाच्या घरी मीटिंग होती, कुणाचं बाळ कडेवर होतं, कुणी चहा केला होता, या आठवणींवरून एकेक नाव लावत गेलो. सात नावं लागली. जिच्यासाठी शोधत होतो तिचं पासबुक त्या महिन्याचं निघालं, ती चौथी. आठवी कोण यावर अजून दोघींत वाद आहे. नववी एक नवी सून होती, पुढे पुण्याकडे कामाला गेली, एवढंच सगळ्यांना आठवतं. तिचं नाव कुणालाच सांगता येत नाही. तिची जाऊ पुढच्या शुक्रवारी माहेराहून येणार आहे, तिला विचारणार आहोत.